रंगाचा डबा सगळ्यात शेवटी: निवृत्त लढाऊ विमान सोलापुरात कसं जपायचं

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ पासून सेवेत असलेलं हे विमान, आणि त्यातली शेकडो आपल्याच नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेली. तेव्हापासून ‘आपल्याकडे पण एक आणू या’ हे वाक्य बऱ्याच कॉलेजांच्या आणि माजी सैनिकांच्या बैठकीत ऐकू येतं. आणणं म्हणजे एक दिवस क्रेनचा आणि एक दिवस हारतुऱ्यांचा. त्यानंतर वीस-तीस वर्षं ते उभं ठेवायचं असतं. ते काम शेवटी चार हौशी माणसांच्या गळ्यात पडतं, कारण कुठल्याच संस्थेच्या अंदाजपत्रकात ‘विमान धुणे’ असं खातं नसतं.

हा लेख त्या चार माणसांसाठी आहे. मिग असो, की हंटर, नॅट यांसारखं जुनं लढाऊ विमान, पद्धत जवळपास तीच. मात्र सोलापूरची हवा, माती आणि पाणी धरून लिहिलंय. उभ्या विमानाचा खरा शत्रू म्हणजे आत अडकलेलं पाणी. ऊन रंग उडवतं, पोरं काच फोडतात, ते दिसतं आणि दुरुस्तही होतं. सांगाडा मात्र आतून पोखरतं ते पाणीच. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत विमान टिकवणं महाकठीण. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि वर्षाचे आठ महिने हवा कोरडी, हा फायदा आपल्याला फुकट मिळालाय. चुकीच्या जागी हौस केली की तो जातो.

आधी कागद, मग पाना

अशी विमानं साधारणपणे सरकारी कार्यालय, विद्यापीठ, कॉलेज किंवा स्मारकाच्या ताब्यात असतात. तुमचं मंडळ मालक नसतं. म्हणून ताबेदार संस्थेकडून लेखी परवानगी घ्या आणि तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट असू द्या: कोणत्या भागावर काम करायचं, काढलेला भाग कुठे ठेवायचा, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. गट अपघात विमा काढा. तोंडी ‘करा की, काय हरकत नाही’वर विसंबू नका, साहेब बदलले की वाक्य बदलतं.

दुसरा कागद म्हणजे विमानाची ओळख. शेपटीजवळचा क्रमांक उतरवून घ्या. हवाई दलाच्या क्रमांकातली अक्षरं प्रकार सांगतात: मिग-२१ ला ‘सी’, हंटरला ‘बीए’, नॅटला ‘आयई’. मात्र आधीच्या एखाद्या पेंटरने क्रमांक चुकीचा रंगवलेला असू शकतो, म्हणून झडपांच्या (विमानाच्या पत्र्यावरच्या उघडता येणाऱ्या झाकणांच्या) आतल्या बाजूला किंवा कॉकपिटमधल्या पट्टीवर कोरलेला कारखान्याचा क्रमांकही शोधा. त्यावरून ते विमान कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं हे कळू शकतं, आणि मग रंग कोणता द्यायचा हा वाद मिटतो.

‘पुन्हा उडवता येईल का?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतोच. नाही. ब्रिटनमध्ये व्हल्कन हे बॉम्बफेकी विमान लोकवर्गणीवर २००७ ते २०१५ उडवलं गेलं. मूळ कंपन्यांनी तांत्रिक पाठिंबा काढून घेतला आणि तेही थांबलं. त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये शोरहॅमला एक जुनं हंटर प्रदर्शनात कोसळलं आणि ११ माणसं गेली. उभं विमान नीट उभं ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आत हात घालण्याआधी

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वगळू नका.

इजेक्शन सीटखाली (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीखाली) आणि कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उडवण्याच्या यंत्रणेत स्फोटक काडतुसं असतात. विमान देताना ती काढलेली असायला हवीत. ‘असतील’ आणि ‘आहेत’ यात एक जीव जातो. काडतुसं काढल्याचा लेखी दाखला हाती येईपर्यंत कॉकपिटमध्ये कोणी बसायचं नाही, कुठलीही लाल किंवा पिवळी-काळी मूठ ओढायची नाही, आणि स्वतः तपासायलाही जायचं नाही. दाखला नसेल तर ताबेदार संस्थेमार्फत हवाई दलाला पत्र लिहायचं आणि वाट बघायची. वर्ष लागलं तरी.

दुसरं, दाब. चाकांच्या पायातले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हायड्रॉलिकचे अ‍ॅक्युम्युलेटर (दाब साठवणाऱ्या टाक्या), ऑक्सिजनच्या आणि हवेच्या बाटल्या यात अनेक वर्षांनंतरही दाब शिल्लक असू शकतो. दाब सोडल्याशिवाय एकही नट ढिला करू नका. ट्रकचं टायर फुटताना पाहिलेला माणूस सोबत असला तर हे पटवून द्यावं लागत नाही.

तिसरं, जुनी घड्याळं, म्हणजे कॉकपिटमधली काट्यांची मापक यंत्रं. जुन्या विमानांच्या डायलवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असू शकतो. आता अंधारात चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असं समजू नका. चमकणारं रसायन थकलेलं असतं. रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १६०० वर्षं आहे. काच शाबूत असेल तर तसंच राहू द्या. फुटलेली असेल तर फुंकर मारू नका, झाडू नका. कॉकपिट बंद करा आणि जाणकार माणूस किरणोत्सर्ग मापक घेऊन येईपर्यंत बंदच ठेवा. घड्याळ उघडून दुरुस्त करण्याचा मोह तर अजिबात नको.

चौथं, धूळ. जुन्या हिरवट-पिवळ्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं आणि ते कर्करोगकारक आहे. कोरडं घासायचं नाही, ग्राइंडर लावायचं नाही. ओलं घासायचं आणि गाळणीचा मास्क लावायचा. ब्रेकच्या पट्ट्यांत आणि उष्णतारोधक गुंडाळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यांना हात लावू नका. पारव्यांची विष्ठा आधी भिजवून मग काढायची. सुकी झाडली की ती फुप्फुसात जाते.

आणि आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये बंद कॅनॉपीखालची भट्टी माणसाला चक्कर आणते आणि पंखाचा पत्रा हात भाजतो. मोठी कामं दसऱ्यानंतर ते शिवरात्रीपर्यंत. उन्हाळ्यात फक्त सकाळी, आणि तेही बघण्यापुरतं.

पहिला महिना फक्त वही आणि कॅमेरा

उत्साही गट पहिल्याच रविवारी पॉलिश पेपर घेऊन येतो. त्यांना चहा द्या आणि पेपर काढून घ्या.

विमानाचा कागदावर मोठा आराखडा काढा: डावी बाजू, उजवी बाजू, वरून, खालून. प्रत्येक झडपेला क्रमांक द्या. मग फोटो, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी. काय शोधायचं? रंगाखाली उठलेले फोड. सांध्यांतून, रिव्हेटभोवती बाहेर येणारी पांढरी भुकटी. पत्र्याच्या कडेला सुटलेले पापुद्रे. ही अ‍ॅल्युमिनियमची सगळ्यात वाईट झीज, कारण धातू थराथराने फुगत जातो. पंख जिथे धडाला मिळतो तिथे असे पापुद्रे दिसले तर काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. विमान खांबावर असेल तर तो भाग म्हणजे लोकांच्या डोक्यावर टांगलेलं वजन.

कोणता धातू कोणता हे ओळखायला चुंबक जवळ ठेवा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम, पण चाकांचे हब आणि गिअरबॉक्सची कव्हरं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असू शकतात. उघड्या धातूवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसलं तर मॅग्नेशियम. लगेच धुऊन कोरडं करा. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं की आणखी भडकतो, म्हणून तिथे कामाला बसताना कोरड्या वाळूची बादली शेजारी हवी.

काढलेल्या प्रत्येक झडपेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर झडपेचा क्रमांक. सगळे स्क्रू एका डब्यात टाकणारा माणूस कितीही सज्जन असला तरी त्याला धुण्याच्या कामावर लावा.

काळी माती

विमान चाकांवर उभं असेल तर खाली काय आहे ते बघा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तिच्यावर थेट ओतलेला काँक्रीटचा कट्टा दोन-तीन वर्षांत तडकतो, एक चाक खचतं आणि सांगाड्याला पीळ बसतो. घर बांधताना करतो तेच करायचं: काळी माती उकरून काढायची, मुरूम भरून थरांमध्ये दाबायचा, मग काँक्रीट, आणि पाणी बाहेर वाहील असा उतार. खोली किती हे इंजिनिअर माती बघून सांगेल.

टायरवर वजन ठेवू नका. जॅक लावायच्या ठरलेल्या जागा विमानावर खुणेने दाखवलेल्या असतात. तिथेच स्टँड द्या, मधल्या पत्र्याखाली कधीही नाही. टायर जमिनीला जेमतेम टेकलेले दिसले की बस. स्टँड बनवणं हे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरच्या हातचं काम आहे.

तोल तपासा. मिग-२१ चं इंजिन मागे असतं. पुढच्या भागातलं रडार आणि तोफ काढून घेतलेली असेल आणि इंजिन जागेवर असेल, तर विमान शेपटीवर बसू शकतं. तेव्हा नाकात वजन किंवा शेपटीखाली आधार हवा. वळवाच्या वाऱ्याआधी विमान कट्ट्यात रोवलेल्या कड्यांना बांधून घ्या. नॅटसारखं विमान रिकामं जेमतेम सव्वादोन टनांचं. इंजिन काढलं की आणखी हलकं, आणि पंख हे वाऱ्यावर उचललं जाण्यासाठीच बनवलेले असतात.

पाण्याला वाट करून द्या

सगळ्या लेखातलं हे मुख्य काम.

विमानाच्या पोटाला, पंखांच्या खालच्या पत्र्याला बारीक निचऱ्याची भोकं असतात. धूळ, पक्ष्यांची घरटी, गांधीलमाशीची माती आणि आधीच्या रंगाऱ्याचा रंग यांनी ती बुजलेली असतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने एकेक मोकळं करा. खिळा वापरू नका. किती पाणी बाहेर येतं ते पाहून तुम्हीच हबकाल.

खांबावरच्या विमानात एक खास गोची असते. विमान नाक वर करून, एका अंगाला झुकवून बसवतात, दिसायला झकास दिसतं. पण भोकं विमान जमिनीवर सपाट उभं आहे असं धरून ठेवलेली होती. आता सगळ्यात खालची जागा भलतीच झाली आणि तिथे भोकच नाही. परवानगी घेऊन तिथे नवीन भोक पाडावं लागतं: साधारण ६ मिलिमीटर, फक्त पातळ पत्र्यात, आतल्या मुख्य तुळईत किंवा फासळीत कदापि नाही. कडा घासून गुळगुळीत करा आणि प्रायमर लावा.

हवा आत घेणारं तोंड आणि मागचा धुराड्याचा भाग जाळीने बंद करा. जाळी अशी की पारवा आत जाणार नाही, पण हवा खेळेल. फळी ठोकून बंद केलं की आत घाम धरतो. तोच नियम ताडपत्रीला. पावसाळ्यात विमान ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ‘झाकून ठेवलंय’ असं समाधान मानणारे लोक त्याला गंजाच्या पेटीत बंद करत असतात. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा आणि मधेच कडक ऊन, म्हणजे ताडपत्रीच्या आत रोज वाफ आणि रोज दव.

धुणं

सोलापूरचा हा खास प्रश्न: कुठल्या पाण्याने? बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार पत्र्यावर पांढरे डाग सोडतात आणि सांध्यात बसून गंज सुरू करतात. उजनीचं नळाचं पाणी त्यापेक्षा बरं, पण ते येणार कधी हे तुम्हाला माहीतच आहे. सर्वांत उत्तम म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी. निदान शेवटचं खळबळणं तरी त्याने किंवा आरओच्या शुद्ध पाण्याने करा. आरओ मशीनचं बाहेर टाकलेलं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

साबण सौम्य. कपड्याची पावडर, फरशीचं अ‍ॅसिड, भांड्यांची तारेची घासणी यातलं काहीही चालणार नाही. साबण खालून वर लावत जायचा, म्हणजे ओघळांचे पट्टे पडत नाहीत. धुताना वरून खाली. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप सांध्यांवर, बेअरिंगवर मारू नका, पाणी जिथे जायला नको तिथे तो ते पोचवतो. धुणं सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत आतला शेवटचा थेंबही वाळतो.

कॅनॉपी वेगळी. ती काच नसून अ‍ॅक्रिलिक असते. थिनर, पेट्रोल किंवा अमोनियाचं काच-क्लीनर लागलं की तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात आणि त्या परत जात नाहीत. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग जुन्या मऊ सुती धोतराने टिपायचं. गावाचा अभिमान कितीही असला तरी इथे सोलापुरी टॉवेल नको; त्याच्या फासात धुळीचे कण अडकून राहतात आणि ओरखडे काढतात. चादरीला मात्र काम आहे. उन्हापासून वाचवायला कॅनॉपीवर सैल सुती आच्छादन उत्तम, पहिल्या पावसाआधी काढायचं.

गंज काढणं

अ‍ॅल्युमिनियमवर तारेचा ब्रश आणि स्टील वूल पूर्ण बंद. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा गंज धरतो. नायलॉनचं घासपॅड, प्लॅस्टिकची पट्टी आणि संयम. आणखी एक गोष्ट: विमानाच्या पत्र्यावर अनेकदा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो, तोच आतल्या मिश्रधातूला वाचवतो. आरशासारखं चकाकेपर्यंत पॉलिश करणारा माणूस तो थरच घासून काढत असतो. पहिल्या वर्षी वाहवा होते, तिसऱ्या वर्षी चट्टे येतात.

पोलादी भागांवर गंजरोधक कन्व्हर्टर चालतो. तो अ‍ॅल्युमिनियमवर ओघळू देऊ नका. दोन वेगळे धातू जिथे टेकतात, तिथे ओलावा आला की अ‍ॅल्युमिनियम मरतं. म्हणून नवा स्क्रू बसवताना मधे सीलंट किंवा प्रायमरचा थर द्या, आणि हरवलेल्या रिव्हेटच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी रिव्हेट ठोकू नका. भोकं पुटी किंवा एपॉक्सीने बुजवणंही टाळा. वरून छान दिसतं, आत पाणी अडतं. आतल्या पोकळ्यांत मेणयुक्त गंजरोधक फवारा, निचऱ्याची भोकं सोडून.

या कामाला माणसं आपल्याकडे आहेत. बंद पडलेल्या गिरण्यांतले जुने जॉबर, यंत्रमागाचे फिटर, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले लोक. त्यांचे हात बघून शिका. साखर कारखान्याचे फिटरही तयारीचे, पण गाळप हंगाम आणि आपला कामाचा हंगाम नेमका एकाच वेळी येतो, त्यामुळे ते गुढीपाडव्यानंतरच भेटतात. त्यांच्यासाठी सावलीत बसून करायची कामं राखून ठेवा: चाकं, झडपा, पायऱ्या.

आणि आता रंग

निचरा झाला, एक पावसाळा बघितला, आत पाणी थांबत नाही याची खात्री झाली, तेव्हाच.

विमानावरच्या बारीक सूचना, बाण, ‘पाय देऊ नका’च्या खुणा आधी ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्या. मिगवर काही रशियन अक्षरंही सापडू शकतात, ती वळणासकट जशीच्या तशी. मूळ रंगाची छटा झडपेच्या आत, ऊन न लागलेल्या जागी मिळते. हवाई दलाचं गोल चिन्ह बाहेर केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. शेपटीवरच्या पट्ट्यात केशरी पुढच्या कडेला असतो, त्यामुळे उजव्या बाजूला क्रम उलटा दिसतो. पाट्या रंगवणारा कलाकार इथे हमखास ‘सुधारणा’ करतो, त्याला त्याच विमानाच्या दोन्ही बाजूंचे जुने फोटो हातात द्या.

आधी अ‍ॅल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर, त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. ग्रिल रंगवायचा ऑइल पेंट आपल्या उन्हात भुकटी होऊन जातो. पॉलियुरेथेनच्या फवाऱ्यातले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक, साध्या मास्कने अडत नाहीत. फवारणी स्वतंत्र हवापुरवठ्याचं साधन असलेल्या व्यावसायिकाकडून करून घ्या. स्वयंसेवकांनी रोलर वापरावा. डिसेंबर-जानेवारीतली, दव उडून गेल्यानंतरची सकाळ चांगली. उंचीवर परांची आणि कमरेला पट्टा, शिडीवर एका हाताने लटकून नव्हे.

रंग झाल्यावरचा धोका म्हणजे डिजिटल बॅनर. नाकावरच्या लांब पिटो नळीला (वेग मोजायच्या नळीला) वाढदिवसाच्या बॅनरची दोरी बांधलेली दिसली की समजा, आता गावाने विमान आपलं मानलं. ताबेदार संस्थेकडून ‘विमानाला काहीही बांधू नये’ अशी पाटी लावून घ्या आणि दोरी त्याच दिवशी कापा.

वर्षाचं गणित यापुढे सोपं आहे. मे अखेर भोकं आणि जाळ्या तपासायच्या, पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर कोणीतरी पोटाखालून एक चक्कर मारायची, दसऱ्यानंतर धुणं, हिवाळ्यात दुरुस्ती. प्रत्येक वेळी वहीत तारीख, नाव, काय पाहिलं, काय केलं. वही संस्थेच्या कपाटात, तिची प्रत तुमच्याकडे.

देणगी मिळाली तर लोक रंगावर खर्च करायला सांगतील. माझं मत छपराला. चारही बाजू मोकळ्या, वर पत्रा. मिग-२१ ची शेपटी सुमारे ४ मीटर उंच आणि पंखांचा पसारा जेमतेम सव्वासात मीटर, त्यामुळे मंगल कार्यालयाच्या मांडवाएवढीही जागा लागत नाही. छप्पर शेपटीच्या बरंच वर ठेवा, म्हणजे गरम हवा निघून जाईल, आणि वळवाच्या वाऱ्याचा जोर धरून खांबांचं गणित इंजिनिअरकडून करून घ्या. पन्हळीला पाइप लावून टाकीत सोडा, दसऱ्यानंतरच्या धुण्याला पावसाचं पाणी जागेवरच मिळेल.